शीर्षकात न आलेला शब्द

टोरंटोचे रक्तविकारतज्ज्ञ अर्नेस्ट मॅकलक २० जानेवारी २०११ रोजी वारले. रक्ताच्या मूलपेशी, म्हणजे स्वतःसारख्या पेशी आणि निरनिराळ्या रक्तपेशी दोन्ही घडवणाऱ्या पेशी आहेत, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या जोडीतले ते एक. दुसरे जेम्स टिल, भौतिकीकडून जीवशास्त्राकडे वळलेले. त्यांच्या शोधाची गोष्ट सहसा एका रविवारपासून सुरू होते. मॅकलक सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत गेले, उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या, त्यांनी त्या मोजून आलेख मांडला. ही हकीकत पुढे सांगितलेल्या आठवणींतून आली आहे. ती अमान्य करायचे कारण नाही. पण मला या माणसांचे मोठेपण दिसते ते त्या रविवारनंतर छापलेल्या निबंधांत.

मुळात ते मूलपेशी शोधायला निघालेच नव्हते. ऑन्टॅरिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना एवढेच मोजायचे होते की, किरणोत्सर्गाने अस्थिमज्जेतल्या पेशी किती मरतात. १९६०च्या निबंधात (तिथे मॅकलक यांचे नाव आधी आहे) हे मोजमाप आडवळणाने केलेले आहे: प्राणघातक किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचायची आणि किती उंदीर जगतात ते पाहायचे. १९६१च्या निबंधाच्या शीर्षकात ‘थेट मोजमाप’ असे शब्द येतात. आधीचा निबंध शेजारी ठेवला की या ‘थेट’चे वजन कळते. आता उंदीर नव्हे, गाठी मोजायच्या होत्या. मज्जा टोचल्यावर १०-११ दिवसांनी प्लीहा काढली की त्या नुसत्या डोळ्यांना दिसत. जितकी मज्जा जास्त, तितक्या गाठी जास्त, अगदी सरळ रेषेत. साधारण १०,००० मज्जापेशींमागे एक गाठ.

हे प्रमाण क्षणभर डोळ्यांसमोर आणा. माणसांवर मज्जारोपणाचे प्रयत्न तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. टोचलेल्या मज्जेच्या गर्दीत रक्त नव्याने उभे करणाऱ्या पेशी इतक्या विरळ असतात.

सरळ रेषेवरून एक गाठ म्हणजे एका पेशीची संतती, असा तर्क लगेच करता येतो. पण तो तर्कच. दोन पेशी एकत्र येऊन गाठ झाली नसेल कशावरून? पुरावा १९६३मध्ये आला. अँड्र्यू बेकर यांच्यासह त्यांनी मज्जापेशींवर किरणांचा मारा करून काहींच्या गुणसूत्रांत मोडतोड घडवली. अशी मोडतोड प्रत्येक पेशीत वेगळी, जणू तिची जन्मखूण. काही गाठींतल्या विभाजन होणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशींत एकच खूण सापडली. म्हणजे पूर्वज एकच. आणि अशा गाठींत रक्तपेशींचे एकाहून अधिक प्रकार नांदत होते.

तरी एक प्रश्न उरलाच: ही पेशी स्वतःसारखी पेशी पुन्हा घडवते का? त्याच वर्षी लुई सिमिनोविच यांच्यासोबत त्यांनी एकेक गाठ सुटी केली, तिच्या पेशी नव्या किरणग्रस्त उंदरांना टोचल्या आणि पुन्हा गाठी मोजल्या. गाठी आल्या, म्हणजे तशी पेशी पुन्हा घडत होती. पण काही गाठींत अशा पेशी पुष्कळ, काहींत जवळपास नाहीतच. एवढी तफावत पाहून दुसरा कोणी प्रयोगाला दोष देऊन मोकळा झाला असता. त्यांनी तफावतच गंभीरपणे घेतली आणि स्वतःसारखी पेशी घडवायची की वेगळी, हा पेशीचा निर्णय संभाव्यतेवर चालतो, असे प्रतिमान १९६४मध्ये मांडले.

‘मूलपेशी’ हा शब्द तेव्हा नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून जर्मन जीवशास्त्रात तो होता. तो शीर्षकात वापरून १९६१मध्येच दावा ठोकता आला असता. पण १९६१चे शीर्षक किरणांविषयी आहे, १९६३ची दोन्ही शीर्षके गाठींविषयी. १९६४च्या शीर्षकात ‘मूलपेशी’ आली, आणि तिथेसुद्धा स्वल्पविरामानंतर लिहिले आहे: प्लीहेत गाठी करणाऱ्या पेशींच्या वाढीवर आधारित.