तळटीप : ‘नर बांधणे’
* ‘नर बांधणे’ : दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या वर्णनात आलेला हा प्रयोग खजुराविषयी आहे. पपईप्रमाणे खजुरातही नर-मादी झाडे वेगळी असतात. वाऱ्याच्या भरवशावर न राहता माणूस झाडावर चढतो आणि नरतुऱ्याच्या दोन-चार काड्या उमललेल्या मादी तुऱ्यात उलट्या खोचून सैलसर बांधतो. पराग व बीजांड प्रत्येकी १८ गुणसूत्रे आणतात. म्हणून बी रुजवली तर रोप आईसारखेच निघेल असे नाही, नरही निघतो. वाण टिकवायचा तर केळीच्या मुनव्यासारखे बुंध्यालगतचे पिल्लू काढून लावतात. खजूरशेतीची ही परंपरा २०१९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली. – संपा.