गंज, शेंदूर आणि शाई

मोटारीच्या पत्र्यावरचा गंजाचा ठिपका साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी असा विषय वाटणार नाही. आम्हांला तो तसा वाटतो, कारण त्या ठिपक्यावर जे उपाय होत आले त्यांतली द्रव्ये आपल्या देवळांत, होड्यांवर आणि दौतींत आधीपासून होती.

वैतरणेच्या मुखाशी, उत्तर काठावर दातिवरे वसले आहे. समोर पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला. सफाळ्याकडून येणारा रस्ता इथे समुद्राला भिडतो. अशा गावी उभ्या राहणाऱ्या मोटारीला गंज का धरतो हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. तो रंगाच्या आत का पसरतो हे सांगायला मात्र लागते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. लख्ख घासलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला, तर लोखंड झिजते ते थेंबाच्या मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी पोचतो तिथे. काठ शाबूत राहतो. खडा लागून रंगाचा टवका उडाला की भोवतालच्या रंगाखालची फट हीच ती कोंदट जागा ठरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. त्यावर नुसता नवा रंग मारणे म्हणजे खार आत कोंडून ठेवणे.

जुन्या मोटारींत मजबूत चौकटीवर वेगळी काया बसवलेली असे. १९५३ साली इटलीत आलेल्या नव्या फियाट ११०० मध्ये ती चौकटच गेली. पत्र्याची काया हाच सांगाडा झाला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हीच गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. दरवाजाखालच्या पट्टीतला गंज आता केवळ रूपाचा प्रश्न राहिला नाही; गाडीचे बळच त्याने पोखरले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या त्या काळात जुनीच टिकवणे भाग होते, आणि डेंटर-पेंटरांची विद्या त्यातून वाढली. ‘लांबी भरणे’ हा रंगाऱ्यांचा शब्द पत्र्यावरही चालला. ‘ड्यूको’ हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या, १९२३च्या सुमारास आलेल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचे नाव. आपल्याकडे ते सुताराच्या कपाटापर्यंत पोचले. असो.

या कारागिरीचा क्रम ठरलेला आहे: गंज चमकदार धातू दिसेपर्यंत घासायचा, शाबूत रंगाची कड उतरती करायची, अस्तर द्यायचे, खड्डा असल्यास लांबी भरायची, मग रंगाचे पातळ थर. यातले अस्तर पूर्वी बहुधा शेंदराचे असे. जवसाच्या तेलात खललेला शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे भस्म, लोखंडी पुलांना आणि जहाजांना लावत. मारुतीला तेलातून चढतो तोच हा. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, या म्हणण्यात वरवरच्या लेपाचा उपहास आहे. लोखंडावर मात्र शेंदराने खरोखर काम केले, कारण तेलाशी संयोग होऊन बनणारे शिशाचे क्षार गंजाला अडवतात. त्याची किंमत घासणाऱ्याने मोजली. जुना रंग कोरडा घासला की शिशाची धूळ थेट श्वासात जाते. पाणी घेऊन घासण्यात निम्मे शहाणपण आहे. रंगातील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती.

दुसरे द्रव्य माशाचे तेल. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडत. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या दर्यावर्दी कप्तानाला म्हणे डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज थांबलेला दिसला. त्या निरीक्षणातून १९२१ साली अमेरिकेत ‘रस्टोलियम’ हा गंजरोधक रंगाचा उद्योग उभा राहिला. कंपनीची ही आख्यायिका कोणत्याही कोळीवाड्यात पटेल.

तिसरे द्रव्य आम्हांला सर्वांत प्रिय. खाचखळग्यांत उरलेल्या गंजावर आज जे द्रावण लावतात, त्यातल्या एका प्रकारात टॅनिक आम्ल असते. तांबूस गंज पाहता पाहता काळा पडतो आणि पत्र्याला धरून बसतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे जी काळी शाई करत, तिच्यातही हेच घडते: हिरड्यातले टॅनिन, हिराकशीतले लोह आणि हवा मिळून तोच काळा पदार्थ. पोथीवरचे अक्षर आणि मडगार्डवरचा काळा डाग एकाच कुळातले निघतात.

पुढचा टप्पा जस्ताचा. लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतले. जस्तलेपित पत्रा आता दातिवऱ्याच्याच जिल्ह्यात, तारापूरला तयार होतो. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांची काया अशा पत्र्याची असल्यामुळे जुन्या कारागिराची सवय इथे नडते. ऐसपैस घासले तर गंजाबरोबर जस्तही निघून जाते. म्हणून ठिपक्याभोवती हात आखडता घ्यावा लागतो, आणि उघड्या पडलेल्या जागी जस्ताची पूड असलेले अस्तर द्यावे लागते.