पायाखालची कला, अंगावरची गोधडी

मंडळी, आजचा विषय आहे चिंध्यांपासून घरी केलेली अंथरुणं-पांघरुणं आणि ती जमवणारी माणसं. बोलायचं आहे ते नगर जिल्ह्यातल्या गोधडीबद्दल. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जुन्या कागदांत नगरच भेटतं.) सुरुवात मात्र अमेरिकेतून करू. तिथे फाटक्या कपड्यांच्या बैठकीला ‘लोककला’ हे नाव कसं मिळालं, त्याचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. तो शेजारी ठेवला की आपल्याकडे काय झालं ते नीट दिसतं.

अमेरिकेचा ईशान्य किनारा, मेन राज्य, आणि वर कॅनडातला नोव्हा स्कोशिया. हिवाळा कडक, कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची घरं, लाकडी जमिनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या बायका गोणपाट चौकटीवर ताणून बसवायच्या, जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि आकड्याने त्या पट्ट्या गोणपाटातून वर ओढून घ्यायच्या. वर येणाऱ्या त्या बारीक वेढ्यांतून कुत्रा, गलबत, फुलांची परडी, स्वतःचं घर असं काय मनात असेल ते उमटायचं. आता गंमत बघा. ते गोणपाट तागाचं, आणि ताग आपल्या बंगालचा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत तो विणला जाई, पोती होऊन जगभर फिरे, आणि रिकामं पोतं कुठल्यातरी मेनमधल्या बाईच्या हाती येई. म्हणजे ज्या रगला आज अस्सल अमेरिकन म्हणतात, त्याच्या पाठीला बंगालचं शेत आहे. पुढे 1860 नंतर एडवर्ड फ्रॉस्ट नावाच्या मेनमधल्या फिरत्या विक्रेत्याने पत्र्याचे छाप करून गोणपाटावर तयार नक्षी छापून विकायला सुरुवात केली. संग्राहकांना हे छापील नमुने थोडे कमी वाटतात. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. छाप एकच असला तरी रंग घरातल्या चिंध्या ठरवत.

मग ही जमवाजमव कधी सुरू झाली? विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत. नोव्हा स्कोशियात फेरीवाले दारोदार जात, गुळगुळीत नवं लिनोलियम देत आणि बदल्यात जुने रग गाडीत टाकून नेत. घरची बाई खूश, कारण लिनोलियम पुसायला सोपं. तिचे रग शहरातल्या दुकानांत आणि तिथून श्रीमंतांच्या घरी पोचत. याच काळात अ‍ॅबी आल्ड्रिच रॉकफेलर या बाईंनी सामान्य माणसांनी केलेल्या वस्तू आणि चित्रं जमवली. 1932 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या संग्रहाचं मोठं प्रदर्शन झालं, आणि 1957 मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला त्यांच्या नावाचं लोककला संग्रहालय उघडलं. 1975 साली कॉप दांपत्याने अशा रगांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ‘पायाखालची लोककला’ असा अर्थ आहे. तोवर वस्तू पायाखालून भिंतीवर गेली होती. तिला किंमत आली, अभ्यास आला, काच आली. फक्त एक गोष्ट बहुतेक वेळा आली नाही, ती म्हणजे करणारीचं नाव. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ‘कलाकार अज्ञात’ असं छापलेलं असतं. ती अज्ञात नव्हती हो. तिच्या गावात सगळ्यांना माहीत होती. फेरीवाल्याने विचारलं नाही, एवढंच.

हा फेरीवाला आपल्याला ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडे तीच देवाणघेवाण बोहारीण करते. जुनी लुगडी, पातळं, पँटी द्या आणि स्टीलचं पातेलं घ्या. फरक इतकाच की तिकडे तयार रग गेला, इकडे गोधडी व्हायच्या आधीच तिचा कपडा गेला. स्टीलची भांडी घरोघरी आली तेव्हापासून गोधडीचा कच्चा माल मांडणीवर चकाकत बसला आहे. त्यातच नऊवारी कमी झाली. एका सुती नऊवारीत आठ मीटरच्या आसपास कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गोधडीचं वरचं आणि खालचं अंग त्यातच निघायचं. टेरिकॉट आणि नायलॉन आलं, आणि त्यांची गोधडी ना घाम टिपते ना ऊब देते.

गोधडी शिवायची कशी हे निम्म्या श्रोत्यांना माहीत असेल, तरी थोडं सांगतो. शेतीची कामं उरकली की उन्हाळ्यात अंगणात लुगडं पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे नीट बसवायचे, वरून दुसरं लुगडं. दोघी-तिघी भोवती बसून कडेकडेने धावदोरा घालत आत सरकतात. चौकट नाही, आखणी नाही, टाक्यांच्या रांगा डोळ्याच्या अंदाजाने. कुठे वाकळ म्हणतात, बाळाची असली तर दुपटं. कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. देवाच्या नावातही हीच वस्तू आहे. जिल्ह्याचं दुसरं मोठं पांघरूण म्हणजे घोंगडी. ती धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांच्या मागावरची, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. अहिल्यादेवींचं चौंडी याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं, आणि त्यांचं माहेर धनगराचं. पण घोंगडी विणकराकडून विकत घ्यायची वस्तू आहे, तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल. गोधडी बाजारात नव्हतीच, आणि तिचा घोळ इथेच सुरू होतो.

आपल्याकडे संग्राहक झाले नाहीत असं नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी जमवायला घेतली, आणि 1975 मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. बंगालात गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने नोकरी करता करता कांथा गोळा केल्या. कांथा म्हणजे आपल्या गोधडीची भरतकाम केलेली बहीण. दत्तांचा संग्रह कोलकात्याजवळच्या संग्रहालयात आजही आहे. मात्र अडकित्ता पितळेचा असतो, तो वाट बघतो. चांगली कांथा पाहुण्यासाठी ठेवणीत असते. रोजची गोधडी वापरून संपते. विरली की ती टाकत नाहीत, तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा शिवतात. म्हणजे जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. संग्राहक दारात आला तरी त्याला दिसणार फक्त शेवटचा थर. आणि तोही दाखवायला घरधनीण लाजते, पाहुण्यापुढे सोलापुरी चादर टाकते.

आमच्या मते गोधडीचं खरं मोल त्या पोटातच आहे. 1884 च्या नगर गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातल्या लुगडी विणणाऱ्या मागांची माहिती आहे. त्यानंतर गिरणीचं कापड, मग छापील पातळ, मग कृत्रिम धागा. कापडाचा हा सगळा प्रवास एका गोधडीत थरावर थर असा सापडू शकतो. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गेलेल्या बाईचं लुगडं, पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाडीत सहा महिने कोपीत अंथरलेलं धोतर, वारलेल्या सासूची पातळं. कुठलं ठिगळ कुणाचं हे सांगणारी बाई आज सत्तर-ऐंशीची आहे. तिच्यानंतर ते कापड फक्त कापड राहील.

काही अभ्यासक म्हणतात, उसवून थर वेगळे करू. आमचा याला ठाम विरोध आहे. टाके हीच तिची लिखावट, ते तोडलं तर उरल्या चिंध्या. फाटलेल्या जागेतून जे दिसतं ते पाहावं, फोटो काढावा, बाकी तिला विचारावं. शहरात ‘हँडमेड गोधडी’ म्हणून नव्या कापडाची विक्री होते, तिच्याशी आमचं भांडण नाही. त्यातून बायकांना मजुरी मिळते, ते चांगलंच आहे. पण त्या गोधडीत कुणाचंच लुगडं नसतं.

तर जमवायचं कसं? वस्तू उचलून नेण्याच्या आधी वही काढा. शिवणारीचं नाव, माहेर-सासर, साल नसेल तर ‘थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’ असं जे सांगेल ते, प्रत्येक मोठ्या ठिगळाचा मालक. द्यायची तयारी असेल तर पैसे द्या, पातेलं नको. नाही म्हणाली तर गोधडी तिच्याच घरात राहू द्या, वहीतली नोंद पुरे. आणि ‘अज्ञात’ हा शब्द त्या वहीत एकदाही येऊ देऊ नका.

वेळ कोणती, असं बरेच जण विचारतात. घट बसायच्या आधीचा आठवडा. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. प्रवरेच्या, मुळेच्या, सीनेच्या काठाने जा. खडकांवर, बांधांवर, बाभळींवर, कुंपणांवर गोधड्या वाळत असतात, सगळ्या बाजू उघड्या, आणि त्यांच्या मालकिणी तिथेच धुणं आपटत असतात. चौकशीला कुणी ना म्हणत नाही. फक्त दुपारच्या आत पोचा, संध्याकाळी घड्या पडतात.