कोसळणारी सेवा किती वेळा सुरू करायची? पुनरारंभ-मर्यादेचा इतिहास



समजा, भिलाईच्या सेक्टर १० मधील तुमच्या खोलीत एक जुना संगणक सर्व्हर म्हणून चालू आहे. रात्री त्यावरील वेब सेवा कोसळली. ती आपोआप सुरू व्हावी, असे तुम्हाला वाटणारच. पण चूक तिच्या सेटिंगच्या फाइलमध्येच असेल, तर ती सुरू होईल, पडेल, पुन्हा सुरू होईल. नोंदींचा ढीग साचेल आणि मूळ चूक त्यात हरवेल. म्हणजे प्रश्न दोन आहेत: सेवा पुन्हा कधी सुरू करायची आणि प्रयत्न कुठे थांबवायचे?

युनिक्समध्ये हे काम 'इनिट' या पहिल्या प्रक्रियेकडे होते. सिस्टम फाइव्हच्या (१९८३) परंपरेत 'इनिटटॅब' फाइलमध्ये 'रीस्पॉन' लिहिले, की प्रक्रिया संपताच इनिट ती पुन्हा सुरू करी. वापरकर्ता बाहेर पडल्यावर टर्मिनलवर लॉगिनची सूचना परत येई, ती यामुळेच. लिनक्सवरील सिसव्ही-इनिटमध्ये मर्यादाही होती: २ मिनिटांत १० पेक्षा जास्त वेळा सुरू करावे लागले, तर आज्ञेतच चूक आहे असे मानून ५ मिनिटे प्रयत्न बंद. २००६ मध्ये उबुंटूत आलेल्या अपस्टार्टची मूळ मर्यादा ५ सेकंदांत १० वेळा होती. २०१० मध्ये जाहीर झालेल्या सिस्टमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा आहे.

आता ही मर्यादा तपासून पाहू. 'फॉल्स' ही नेहमी अपयशानेच संपणारी आज्ञा चालवणारी एक सेवा तयार करा आणि 'रीस्टार्ट'पुढे 'ऑन-फेल्युअर' लिहा. दोन प्रयत्नांमधील मूळ अंतर १०० मिलिसेकंद असते. त्यामुळे पाच प्रयत्न क्षणात संपतात, सहावा नाकारला जातो आणि सेवा 'फेल्ड' स्थितीत राहते.

मग अंतर ३ सेकंद करा. आता सेवा थांबतच नाही! कारण सोपे आहे: ०, ३, ६ आणि ९ व्या सेकंदाला मिळून १० सेकंदांत चारच प्रयत्न होतात. मर्यादा फाइलमध्ये आहे, पण ती कधीच लागू होत नाही. अंतर वाढवले, तर कालावधीही वाढवावा लागतो.

आणखी एक खाचखळगा. २०१६ मध्ये या मर्यादेची सेटिंग 'सर्व्हिस' विभागातून 'युनिट' विभागात गेली आणि कालावधीच्या सेटिंगचे नावही बदलले. नवे नाव जुन्या विभागात लिहिले, तर सिस्टमडी नोंदीत इशारा देऊन ते सोडून देते. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. सेवा मुद्दाम पाडून पाहा. तपासणी झाल्यावर 'रीसेट-फेल्ड' आज्ञेने मोजणी शून्यावर आणा, कारण हाताने केलेला प्रारंभही त्या मोजणीत धरला जातो.

स्वाध्याय: प्रयत्नांतील अंतर ५ सेकंद आहे आणि चार प्रयत्नांनंतर सेवा थांबायला हवी. कालावधी किमान किती ठेवाल? कारण द्या.