मालीश करणाऱ्या हातांचा परवाना

घाट चढून अनमोडला पोचलं की आपण गोवा सोडून उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यात शिरतो. राज्य बदलतं, पाट्यांवरची लिपी बदलते, पण कानावर कोकणी-मराठी पडत राहते. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तेल लावून चोळणारी बाईही दोन्हीकडे असतेच. गोव्यात तिला वैजीण म्हणतात, मराठीत सुईण. तिच्याकडे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून. दाखले, परवाने, नोंदवह्या यांतच माझा दिवस जातो. त्यामुळे अंग चोळणाऱ्या हाताला परवाना कोणी, कधी आणि काय विचारून दिला, हे शोधावंसं वाटलं.

सुरुवात आपल्या गोव्यापासूनच करू. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात हिंदू वैद्यांच्या ज्ञानाचा उल्लेख आहे. पण १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्य, सुईण आणि न्हावी यांच्याकडे जायला मनाई केली. पुढे १६१८ साली गोव्याच्या नगरपालिकेने नियम केला, की मुख्य वैद्याधिकाऱ्याची परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. म्हणजे परीक्षा होतीच, पण तिच्यासोबत धर्म मोजून मर्यादाही होती! गंमत अशी, की बडे पोर्तुगीज अधिकारी आजारी पडले की याच वैद्यांना बोलावणं जाई.

आता थोडं विलायतेला जाऊ. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये तेल-वाफेच्या मालिशीचं स्नानगृह चालवलं. आपण केसांना लावतो तो 'शांपू' हा शब्दही 'चांपणे', म्हणजे चेपणे यातूनच इंग्रजीत गेला. मात्र त्याच शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मालिशीच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, अशी ओरड झाली. तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, वागणुकीचे नियम ठेवले. आजची ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था ती हीच. तिथे परवान्याचा पहिला प्रश्न होता, ही बाई चारित्र्याची आहे का?

आता पुन्हा जोयड्याकडे. हा तालुका पूर्वी सुपे नावाने ओळखला जाई. काळी नदीवरच्या धरणात सुपे गाव बुडालं आणि मुख्य ठाणं जोयड्याला आलं. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. त्यामुळे मुंबईचा १९३८ चा वैद्यक व्यावसायिक कायदा या भागालाही लागू होता. या कायद्याने वैद्य-हकिमांच्या नोंदणीची सोय केली. त्यात एक नोंदवही होती आणि शिवाय एक यादी. पदवी नसली तरी आधीपासून वैद्यकी करणाऱ्यांसाठी ही यादी होती. एका कारकुनाच्या नजरेने पाहिलं तर ती यादी मला फार शहाणपणाची वाटते. अनुभवाला कागदात शिरायला तिने एक दार ठेवलं होतं. पण ते वैद्याला होतं, नुसतं अंग चोळणाऱ्या बाईला नव्हतं. पुढे कर्नाटकाचा १९६१ चा नोंदणी कायदा आला, तोही वैद्यांचाच.

आज काय स्थिती आहे? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मालिशीचा परवाना हवा तर किमान एक हजार तासांचं शिक्षण आणि परीक्षा लागते. आपल्याकडे मालीश करणाऱ्या व्यक्तीसाठी देशभर लागू असा परवाना नाही. आयुर्वेदाची पदवी घ्यायची तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, नाहीतर कौशल्य विकासाचे छोटे अभ्यासक्रम.

परवान्याची गरजच काय, असं म्हणणं मात्र बरोबर नाही. कधी चोळायचं नाही, हे कळणं त्यात सर्वांत महत्त्वाचं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, हाड नुकतं मोडलं असेल, अंगात ताप असेल, तर मालीश जिवावर बेतू शकते. हे शिकवायला आणि तपासायला हवंच.

पण प्रश्न हाच विचारला जावा. धर्म कोणता, घराणं कोणतं, शाळा किती, हे नंतर. भारतीय गुणवत्ता परिषदेने पारंपरिक आरोग्यसेवकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना आणली आहे. हाडं बसवणारे आणि सुईणी यांचंही ज्ञान तिथे परीक्षा घेऊन तपासलं जातं. जुन्या यादीचंच हे नवं रूप म्हणायचं.

जोयड्यातल्या एखाद्या मुलीने उद्या गोव्यातल्या हॉटेलात मालिशीचं काम धरलं, तर तिच्याजवळ अभ्यासक्रमाचा कागद असेल. तिच्या आजीजवळ तो नसेल, आणि आजीचं शिक्षण तर आयुष्यभर चाललेलं. त्या आजीची परीक्षा तिच्या भाषेत, तिच्या गावात घ्यायला कोणीतरी जायला हवं. ती पिढी संपली की नोंदवायला काही उरणार नाही.