घरातील ओल व बांधकामदोषांचे निदान : शिराळा परिसर

घराच्या भिंती, छत वा जमिनीत मुरलेले पाणी कुठून आले आणि बांधकामातील कोणत्या उणिवेने त्याला वाट दिली, हे खुणा व चाचण्यांवरून ठरवण्याची पद्धत. ओल दिसते तिथे पाणी बाहेर पडत असते. ते आत शिरते कधी हातभर वर, तर कधी शेजारच्या खोलीतून. म्हणून डाग दिसताच तेवढाच गिलावा खरवडून नवा मारणे याला निदान म्हणता येत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या शिराळा तालुक्यात ओलीची व भेगांची बहुतेक कारणे एकत्र सापडतात. चांदोलीकडच्या डोंगराळ भागात पावसाची झड दिवसेंदिवस टिकते. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. दक्षिण सीमेवरून वारणा नदी वाहते आणि 2019 व 2021 साली तिला मोठे पूर आले. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप याच टापूच्या उत्तरेला झाला. 1993 पासून वारणा जलाशयाच्या परिसरातही धक्क्यांची नोंद आहे. जुनी घरे दगडी जोत्याची, मातीच्या भिंतींची, कौलारू. नवी विटांची आणि स्लॅबची.

पाहणीत आधी तीन गोष्टी विचारतात : ओल कधी येते, किती उंच चढते, तिचा आकार कसा आहे. भुईतून चढणारी ओल पायथ्याशी सर्वांत दाट असते आणि सहसा मीटरभर उंचीच्या आत थांबते. तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. कारण बहुधा जोत्यावर ओलरोधक थर नसणे हे असते. थर असूनही तो निकामी होतो, कारण गावातला रस्ता दर काँक्रिटीकरणात उंचावतो आणि जोते खाली जाते. जुन्या घरांत आणखी एक दोष माणसाने ओढवून घेतलेला असतो. सारवलेल्या जमिनीतून आणि मातीच्या लिंपणातून ओल हवेत निघून जात असे. फरशी बसवली, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की तीच ओल कोंडते आणि वर चढते. अशा भिंतीवर पुन्हा सिमेंट थापणे हा सर्वांत महागडा चुकीचा उपाय होय.

पुराची ओल ओळखायला सोपी : घरभर एकाच पातळीची आडवी रेघ. झडीची ओल पावसाच्या तोंडावरच्या, बहुधा पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीभोवती आणि छज्ज्याच्या सांध्यात उमटते व उघडीप पडली की ओसरते. न्हाणीघरामागची ओल उन्हाळ्यातही तशीच राहते. तिथे नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून 24 तास पाणी साठवून पाहतात. पातळी उतरली किंवा पलीकडे डाग ओलावला तर दोष जमिनीतल्या थरात किंवा सांध्यात आहे. दोन्ही नसेल, तर नळाचा पाइप तपासावा.

भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने डकवून रात्रभर ठेवतात. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतले. खोलीकडच्या बाजूला जमले, तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे. खिळ्यासारख्या दोन टोकांचे ओलावामापक यंत्र लोणा धरलेल्या भिंतीवर फुगवलेला आकडा दाखवते. उष्माचित्रण कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो.

भेगांचे वर्गीकरण भारतीय मानक ब्युरोच्या 1984 च्या पुस्तिकेत रुंदीवरून केले आहे : 1 मि.मी.पर्यंत बारीक, 1 ते 2 मि.मी. मध्यम, त्याहून अधिक रुंद. मात्र रुंदीपेक्षा भेग वाढते आहे का, हे जास्त सांगते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भेग जिवंत. काळ्या मातीवरच्या उथळ पायाच्या घरात तिरप्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात, तेव्हा नोंद दोन्ही ऋतूंची हवी.

स्लॅबखाली तपकिरी डाग आणि सळईच्या रेषेत चीर दिसली, तर गंज चढू लागला असे समजावे; गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. हातोडीने हलके ठोकल्यास सुटलेला भाग पोकळ वाजतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारल्यास निरोगी भाग गुलाबी होतो. रंग न चढलेल्या भागाने सळईचे संरक्षण गमावलेले असते.

खांब किंवा तुळईतली सळई उघडी पडली असेल, अथवा भिंतीतली भेग जिवंत निघाली, तर गवंड्याच्या अंदाजावर न राहता संरचना अभियंत्याची तपासणी करून घ्यावी.