चौकशी अहवालाची प्रत मागा!

मालकाची मर्जी फिरली की कामगार घरी, हा जुना रिवाज. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना गैरवर्तन कशाला म्हणायचे, हे लेखी ठरवावे लागले. संविधानाच्या कलम ३११ ने सरकारी कर्मचाऱ्याला आरोप जाणून घेण्याचा, बाजू मांडण्याचा हक्क दिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षेवर बोलण्याची दुसरी संधी काढून घेतली. १९९३ साली करुणाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : चौकशी अधिकारी वेगळा असेल, तर निर्णयाआधी त्याच्या अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे. जातीचा आकस आरोपपत्राआड लपतो, तेव्हा तो उघडा पाडायला आपल्याकडे हाच कागद असतो. बांधवांनो, प्रत मागा, लेखी उत्तर द्या, पोच घ्या. जय भीम!